अँड्रॉइड स्टुडिओ बदलला आणि जुनं प्रोजेक्ट सिंकच होईना: सुरुवात कुठून करू?

दूधगंगा:

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काही दूध संकलन केंद्रांसाठी मी एक अँड्रॉइड ॲप सांभाळते. सभासदानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं आणि ब्लूटूथ प्रिंटरवर पावती काढायची, एवढंच त्याचं काम. पण सकाळ-संध्याकाळ ते चालायलाच लागतं. कोड सगळा जावामधला, २०२१ सालचा. ग्रेडल म्हणजे कोडपासून ॲप बांधणारं साधन ६.७.१, एजीपी म्हणजे त्याचं अँड्रॉइडसाठीचं प्लगइन ४.२.२, टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी केलंय तो आकडा) ३०.

नव्या लॅपटॉपवर स्टुडिओचं लेडीबग व्हर्जन टाकलं, गिटवरून प्रोजेक्ट उतरवलं, तर सिंकच (बिल्ड फाइल वाचून लागणाऱ्या लायब्रऱ्या जुळवणं) होत नाही. स्टुडिओ म्हणतो की जावा २१ आणि ग्रेडल ६.७.१ यांचं जमत नाही. टर्मिनलवर बिल्ड केलं तर 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. कोडला मी हातही लावलेला नाही.

जुना स्टुडिओ शोधून टाकू की सगळंच नव्यावर नेऊ? प्ले स्टोअरला ऑगस्ट २०२५ अखेरपासून किमान टार्गेट ३५ लागतं, तेही डोक्यावर आहे. आणि इंटरनेट मोबाइलच्या डेटावरचं आहे, त्यामुळे पुन्हा पुन्हा डाउनलोड परवडत नाही.

पाणंद:

ताई, जुना स्टुडिओ शोधू नका आणि आज कुठलंही व्हर्जन वाढवूही नका. आधी आहे तेच प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर जसंच्या तसं बिल्ड करून घ्या.

स्टुडिओ, एजीपी, ग्रेडल आणि जेडीके (जावाचा संच) या चार वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुडिओ नवा झाला म्हणून बाकीच्या तीन नव्या व्हायलाच हव्यात असं नाही. लेडीबग एजीपी ३.२ पासूनची प्रोजेक्टं उघडतो. तुमचं अडलंय ते जेडीकेपाशी: लेडीबगसोबत जावा २१ येतं, आणि ग्रेडल ६.७.१ जावा १५ च्या पुढे चालत नाही. मेजर व्हर्जनच्या आकड्यातून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं. ६५ म्हणजे २१, ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११.

सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्स, त्याखाली ग्रेडल, तिथं 'ग्रेडल जेडीके' असा रकाना आहे. त्यात जेडीके ११ निवडा. यादीत नसेल तर तिथूनच डाउनलोड होतं. एजीपी ४.२ ला ११ चालतं. मग सिंक करा.

टर्मिनलवरून बिल्ड करत असाल तर तिथं जावा-होम या व्हेरिएबलमधलं जावा लागतं, स्टुडिओतलं नाही. स्टुडिओत बिल्ड होतंय पण टर्मिनलवर नाही, असं दिसलं की आधी तिथंच बघा.

रात्रपाळी:

मी वेगळं सांगेन. टूल्समध्ये एजीपी अपग्रेड असिस्टंट आहे, तो चालवा आणि एका झटक्यात ८ वर जा. शेवटी जायचंच आहे तर मध्ये थांबे कशाला?

पाणंद:

रात्रपाळी, असिस्टंट चांगलाच आहे, मीही तोच वापरायला सांगणार आहे. पण जे प्रोजेक्ट आज बिल्डच होत नाही त्यावर तो चालवला, तर पुढची एरर जुन्या गोंधळाची की नव्या बदलाची हे कळत नाही. एका माणसानं सांभाळायच्या ॲपमध्ये हे न कळणं फार महाग पडतं. जुनं बिल्ड हिरवं दिसू दे, गिटवर कमिट होऊ दे, त्यानंतर असिस्टंट.

दूधगंगा:

जेडीके ११ निवडलं आणि सिंक झालं! पण एका लायब्ररीवर अडलंय. ती जेसेंटर या ऑनलाइन लायब्ररी-भांडारातून येत होती आणि आता सापडत नाही म्हणतंय. जुन्या लॅपटॉपवर मात्र तेच प्रोजेक्ट अजून बिल्ड होतं.

शेवंती:

जुन्या लॅपटॉपवर ती लायब्ररी कॅशमध्ये पडलेली आहे, म्हणून. जेसेंटर बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्येच झाली होती. पुढे काही वर्षं ते फक्त वाचण्यापुरतं चालू होतं, आणि ऑगस्ट २०२४ पासून तिकडची विनंती थेट मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराकडे वळवली जाते. जी लायब्ररी मेव्हन सेंट्रलवर कधी टाकलीच नव्हती, ती मिळणार नाही.

बिल्ड फाइलमधून जेसेंटरची ओळ काढा, गूगल आणि मेव्हन सेंट्रल ठेवा. मग ती लायब्ररी दुसऱ्या नावानं किंवा जिटपॅक या आणखी एका भांडारात आहे का बघा. नसेल तर जुन्या लॅपटॉपवर होम फोल्डरच्या आत डॉट-ग्रेडल, त्यात कॅशेस, तिथं तिची एएआर किंवा जार फाइल सापडेल. ती प्रोजेक्टच्या लिब्स फोल्डरमध्ये ठेवून वापरता येते. फक्त ती लायब्ररी स्वतः ज्या इतर लायब्रऱ्यांवर उभी आहे, त्या तुम्हाला हातानं लिहाव्या लागतील.

म्हणून कळकळीची विनंती: हे काम पूर्ण होईपर्यंत जुना लॅपटॉप फॉरमॅट करू नका. ॲप साइन करायची (ते तुमचंच आहे हे पटवणारी) कीस्टोअर फाइल आणि तिचे पासवर्डही आजच दोन ठिकाणी ठेवा. आणि कुणी 'कॅश उडवून बघ' म्हटलं तर प्रोजेक्टच्या आतला डॉट-ग्रेडल फोल्डर उडवा. होम फोल्डरमधला उडवलात तर ग्रेडलसकट सगळं पुन्हा उतरवावं लागेल. ग्रेडल रॅपरच्या (ठरलेलं ग्रेडल उतरवणाऱ्या फाइलच्या) पत्त्यात 'ऑल' असेल तर 'बिन' करा, डाउनलोड लहान होतं.

दूधगंगा:

फाइल मिळाली, लिब्समध्ये ठेवली, बिल्ड झालं, कमिट केलं. आता पुढे कसं जाऊ?

पाणंद:

दोन टप्प्यांत. आधी एजीपी ७.४.२, ग्रेडल ७.५. इथं जेडीके १७ केलंत तरी चालेल, ग्रेडल ७.३ पासून ते चालतं. ग्रेडल ७ मध्ये 'कंपाइल' लिहून जोडलेल्या लायब्रऱ्या चालत नाहीत, 'इम्प्लिमेंटेशन' करावं लागतं. बाकी हा टप्पा सोपा आहे. बिल्ड, फोनवर पावती काढून बघा, कमिट.

दुसरा टप्पा एजीपी ८.६, ग्रेडल ८.७, जेडीके १७. कंपाइल एसडीके (ज्या अँड्रॉइड आवृत्तीच्या साधनांनी कोड बिल्ड होतो ती) ३५ साठी एजीपी ८.६ तरी लागतंच. इथं वेळ हातात ठेवून बसा.

नेमस्पेस (कोडचं पॅकेज-नाव) आता मॅनिफेस्ट या ॲपच्या माहिती-फाइलऐवजी बिल्ड फाइलमध्ये लिहावा लागतो, असिस्टंट तो हलवून देतो. मात्र ॲप्लिकेशन आयडीला अजिबात धक्का लावू नका. तो बदलला तर प्ले स्टोअरच्या लेखी ते नवंच ॲप होतं. 'बिल्ड-कॉन्फिग सापडत नाही' अशी एरर आली तर बिल्ड-फीचर्समध्ये ते चालू करा, कारण ८ पासून ते आपोआप तयार होत नाही.

कोड जावात आहे, म्हणजे बटणांच्या आयडींवर स्विच-केस असणारच. तिथं 'कॉन्स्टंट एक्स्प्रेशन रिक्वायर्ड' अशा एररी येतील, कारण ८ मध्ये रिसोर्स आयडी फायनल (न बदलणारे) राहत नाहीत. स्विचवर कर्सर ठेवून ऑल्ट-एंटर दाबलं की स्टुडिओ त्याचं इफ-एल्स करून देतो. ग्रेडल प्रॉपर्टीजमध्ये जुनं वागणं परत आणायची सोय आहे, पण कोड सुधारलेला बरा.

रात्रपाळी:

यात एक भर घालतो, कारण ही गोष्ट डीबग बिल्डमध्ये दिसतच नाही. एजीपी ८ पासून आर-८, म्हणजे रिलीज बिल्डमधला कोड छाटून लहान करणारं साधन, फुल मोडमध्ये चालतो. मिनिफाय (ही छाटणी) चालू असेल आणि सर्व्हरकडून जेसन रूपात आलेली माहिती तुम्ही जीसॉन या लायब्ररीनं वाचत असाल, तर रिलीज बिल्डमध्ये फील्ड रिकामी येऊ शकतात. मॉडेल क्लाससाठी कीप रूल (हे छाटू नको असं सांगणारा नियम) लिहा, आणि रिलीज बिल्ड फोनवर टाकून एका सभासदाची पूर्ण नोंद सर्व्हरपर्यंत जाते का ते बघा. फॅट शून्य दिसलं तर पैसे त्या शेतकऱ्याचे बुडतात.

शेवंती:

टार्गेट ३० वरून ३५ हे वेगळं काम समजा, वेगळ्या ब्रँचवर. व्हर्जनची चढण पूर्ण झाल्यावरच हात घाला. तुमच्या ॲपला सगळ्यात जास्त लागेल ते ब्लूटूथ: टार्गेट ३१ पासून ब्लूटूथ-कनेक्ट ही परवानगी वापरणाऱ्याकडून चालू ॲपमध्ये मागावी लागते. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या फोनवर ती न मागता प्रिंटरला जोडायला गेलात तर ॲप तिथंच कोसळेल. मॅनिफेस्टमध्ये इंटेंट फिल्टर असलेल्या प्रत्येक ॲक्टिव्हिटीला, सर्व्हिसला आणि रिसीव्हरला 'एक्सपोर्टेड' लिहायला लागतं, तेही ३१ पासूनच. आणि टार्गेट ३५ केलं की अँड्रॉइड १५ च्या फोनवर स्क्रीन कडेपर्यंत पसरते, त्यामुळे वरचं शीर्षक घड्याळाखाली आणि 'जतन करा' बटण खालच्या पट्टीखाली जाऊ शकतं. इन्सेट्स (कडेला सोडायची जागा) लावून घ्या.

दूधगंगा:

७.४.२ झालं, पावतीही निघाली. उद्या ८ वर बसते. ब्लूटूथची परवानगी नाकारली तर काय दाखवावं? केंद्रावरचे काका कुठल्याही चौकटीला 'नको' म्हणतात.

शेवंती:

परवानगी मागण्याआधी आपला एक पडदा दाखवा, मोठ्या अक्षरात मराठीत: 'पावती छापण्यासाठी पुढे परवानगी द्या'. नाकारली तरी नोंद अडवू नका. नोंद जतन करा, पावती 'छापायची बाकी' म्हणून ठेवा, आणि सेटिंग्जमध्ये थेट नेणारं बटण द्या. दोनदा नाकारल्यावर अँड्रॉइड ती चौकट पुन्हा दाखवतच नाही, तेव्हा त्या बटणाशिवाय मार्ग उरत नाही. आणि नवं ॲप सगळ्या केंद्रांवर एकदम सोडू नका. प्ले कन्सोलमध्ये इंटर्नल टेस्टिंगला टाकून आधी त्या काकांच्याच फोनवर द्या.