ओढा आला की गाढव अडतं, मदत हवी आहे
जुलैत लेकाच्या स्काउट ग्रुपबरोबर न्यू मेक्सिकोत फिलमाँटला (स्काउटांचं ट्रेकिंगचं मोठं केंद्र) ट्रेकला जातोय, सामान वाहायला बरो, म्हणजे आपलं गाढवच असणार. म्हणून इथल्या एका फार्मवरच्या गाढवाला तीन रविवार फिरवलं. मान खाजवली की कान सैल सोडून अंगावर रेलतं, दोन्ही बाजूंना सारखं वजन लावून डायमंड हिच (पाठीवरचं सामान दोराने आवळायची बांधणी) बांधणंही पोरांना जमायला लागलंय, पण वीतभर पाणी दिसलं की चारी पाय रोवून उभं! दोर ओढला तर मागे रेटतं, गाजर दाखवलं तर मान लांबवून तेवढं गाजर खातं. घाबरलं की गाढव बऱ्याचदा पळण्याऐवजी थिजतं म्हणे, त्यामुळे मारणं-ओरडणं नकोच. पोरं १४-१५ची, जनावराची सवय नाही. तर दोर धरणाऱ्याने नुसतं थांबायचं की आधी स्वतः पाण्यात उतरायचं, आणि मागच्याने लाथ लागू नये म्हणून नेमकं कुठे उभं राहायचं?