मदत हवी आहे: फेरिटिन 'नॉर्मल', हिमोग्लोबिन कमी आणि सेलेनियमची बाटली

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे, उंची १५६ सेंमी आणि वजन ८६ किलो आहे. मी शिक्षिका आहे. सलग चार महिने लोहाची गोळी रोज घेतली आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळला (मधल्या सुट्टीत चहाला नाही म्हणणे किती अवघड असते, हे शिक्षकांनाच कळेल), तरीही हिमोग्लोबिन १०.४ वरून हललेले नाही.

ताज्या अहवालात फेरिटिन ५८ असून त्यापुढे 'नॉर्मल' असे छापले आहे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा लोहाने भरलेला भाग) मात्र ११ टक्के आणि सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज दाखवणारी तपासणी) १४ आहे. ज्यांना अहवाल दाखवला त्यांनी "लोहाचा साठा ठीक आहे, वजन कमी करा" एवढेच सांगितले.

माझ्या वाचनातून जे समजले ते मांडते. चुकत असेन तर दुरुस्त करावे. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते हे खरे, पण शरीरात दाह असला की ते एरवीही वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत निरोगी प्रौढांसाठी १५ ची आणि दाह असताना ७० ची मर्यादा दिलेली आहे. त्या हिशेबाने माझे ५८ कमीच ठरते. पोटावरच्या चरबीतून इंटरल्यूकिन-६ सारखी द्रव्ये सतत पाझरत राहतात, त्यांच्या प्रभावाने यकृत हेपसिडिन जास्त तयार करते आणि हे हेपसिडिन आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारे फेरोपोर्टिनचे दार बंद करते. गोळीतले लोह त्या पेशींतच अडकते आणि काही दिवसांत पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर शरीराबाहेर जाते.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेहून आलेल्या बहिणीने सेलेनियम या खनिजाच्या २०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची बाटली दिली आहे. तिचे म्हणणे असे, की ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) सेलेनियमवाचून चालत नाही. ते कमी पडले की ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणाऱ्या रेणूंचा भार) वाढतो, त्यातून दाह, दाहातून हेपसिडिन, आणि शेवटी लोहाची अडवणूक होते. लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात सेलेनियम कमी आढळल्याचे मीही वाचले आहे. पण रक्तातले बरेचसे सेलेनियम ज्या सेलेनोप्रोटीन-पी या प्रथिनात असते, ते यकृतातच बनते आणि दाह असताना त्याची पातळी घटते. मग दाहामुळे फेरिटिन जसे खोटे जास्त दिसते, तसे सेलेनियम खोटे कमी दिसत नसेल कशावरून? अशा स्थितीत ही तपासणी करून काही हाती लागेल का, आणि तपासणी न करता गोळी सुरू करणे योग्य ठरेल का? माझे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आहे.

प्रतिसाद:
ताई, तुमची शंका रास्त आहे. सीआरपी १४ असताना सेलेनियम कमी आले, तरी त्यावरून आहारातील कमतरता सिद्ध होत नाही. बाटली मात्र तूर्त उघडू नका. अमेरिकेत प्रौढांसाठी शिफारस रोज ५५ मायक्रोग्रॅमची आहे. तिथेच त्वचेच्या कर्करोगाच्या प्रतिबंधासाठी रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन झालेल्या चाचणीच्या २००७ मधील विश्लेषणात, सेलेनियम घेणाऱ्या गटात टाइप-२ मधुमेह जास्त आढळला होता आणि ज्यांच्या रक्तात सेलेनियम मुळात भरपूर होते, त्यांच्यात तो विशेष दिसला. तुमचे ६.१ पाहता हा धोका पत्करू नये. अंडी-मासे खात असाल तर सेलेनियम त्यांतूनही मिळते. लोहाच्या एका गोळीनंतर हेपसिडिन साधारण दिवसभर चढलेले राहते, म्हणून गोळी एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

धागाकर्तीचे उत्तर:
मनापासून आभार. पाळी सात दिवस चालते आणि पहिले तीन दिवस फार रक्तस्राव होतो. हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही आपणहून सांगितले नव्हते. सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते आहे. एक दिवसाआड गोळीनेही फरक पडला नाही, तर शिरेतून लोह घ्यावे लागेल का? सीआरपी वाढलेला असताना ते कोणी घेतले असल्यास अनुभव अवश्य लिहावा.