मदत हवी आहे : गावच्या आखरावर बगीचा होऊन राहिला, पण पोरापोरींच्या मैदानाचं काय?

नमस्कार मंडळी,

मौदा तालुक्यातल्या एका लहान गावची मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिल्याच खेपेची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणा एकाला धरून भांडायचं नाही. येत्या ग्रामसभेत एक विषय नीट मांडायचा आहे. ज्यांनी अशी कामं केली किंवा करवून घेतली, त्यांची मदत हवी आहे.

गावालगत आमचं आखर आहे. पूर्वी सकाळी गायकी तिथं गुरं गोळा करायचा. आता गुरंच फारशी उरली नाहीत, त्यामुळे ती एकरभर जागा साऱ्या गावाची झाली. तान्हा पोळा तिथंच भरतो, कबड्डीचे सामने तिथंच होतात, लग्नाचे मांडवही तिथंच पडतात. आता या जागेवर बगीचा करायचं घाटत आहे. आम्हाला दाखवलेल्या नकाशात चारही बाजूंनी कंपाउंड, कुलपाचं गेट, मधोमध कारंजं, लॉन, पेव्हिंग ब्लॉकची नागमोडी वाट, कोपऱ्यात ग्रीन जिमच्या मशिनी, घसरगुंडी, झोपाळे आणि समोर गावाच्या नावाचा सेल्फी पॉइंट आहे. मोकळी जमीन कुठेच नाही.

बगीच्याला माझा विरोध नाही. नागपूरला गेलो की पोरं महाराजबागेचा हट्ट धरतात, तसं काही गावातच मिळालं तर कोणाला नको आहे? पण शहरात बाग वेगळी असते आणि मैदान वेगळं. आमच्याकडे जागा एकच आहे.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानीचे ५० गुण, तिथं एकेका सेकंदाला किंमत आहे. आमची पोरं पहाटेच्या अंधारात भंडारा रोडच्या कडेनं धावतात. मागून ट्रकचा लाइट पडला की पोरी डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरतात, ट्रक गेला की पुन्हा वर चढतात. अशानं ८०० मीटरची लय बसणार कशी? आणि एखाद्या दिवशी गाडी अगदी अंगावरून गेली की घरचे म्हणतात, राहू दे ते भरती. झालं, एक पोरगी कमी. आखरावर कडेनं धावायला वाट निघाली तर या पोरी घराच्या हाकेवर राहतील.

दुसरं म्हणजे पाणी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गावात नळ दिवसाआड येतो. तिथं लॉनवर पाणी मारलेलं लोक खपवून घेणार नाहीत, आणि घेऊही नये.

शेजारच्या गावात असाच बगीचा झाला, तो जाऊन पाहिला. घसरगुंडी पत्र्याची आणि तोंड पश्चिमेला, दुपारी हात लावून पाहिला तर क्षणभरही ठेववेना. काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, त्यामुळे जिमच्या मशिनीचा सिमेंटचा पाया एका बाजूनं उचलला होता. पेडल मारलं की सारी मशीन हालते. झोपाळ्याची एक साखळी तुटलेली, दुसरी खांबाला गुंडाळून ठेवलेली. गेटला कुलूप, किल्ली कोणाकडे विचारलं तर प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं. पैसे खर्च झाले आणि पोरं बाहेर रस्त्यावरच खेळून राहिली.

बायकांचं तर कोणी विचारातच घेत नाही. पारावर संध्याकाळी पत्ते कुटणारी मंडळी, आखरावर क्रिकेट. आमच्या बचत गटातली एक बाई म्हणाली, "दिवसभर निंदण करून आल्यावर मले फिरायचं नाही, जिमबी नको. दहा मिनिटं टेकाले जागा द्या, जिथं कोणी इथं काय करून राहिली म्हणून विचारणार नाही." माझ्या मते नकाशाचं पहिलं वाक्य हेच असायला पाहिजे.

तर मला हे सांगा. जागा नेमकी कोणाच्या नावावर आहे ते कसं पक्कं करायचं? एकरभर जागेत धावायची वाट, कबड्डी, लहानांचे खेळ आणि बसायला सावली हे सगळं बसतं का? पैसा कोणत्या योजनेतून मागावा? आणि काम झाल्यावर ते टिकवायचं कोणी? या शेवटच्या प्रश्नावर तर आमच्याकडे कोणी बोलतच नाही.

— धागाकर्ती


प्रतिसाद : जुना ग्रामसेवक

ताई, आधी सातबारा काढा. बाकी सगळं नंतर. आखराची जागा गावठाणात असेल आणि ग्रामपंचायतीच्या जमिनींच्या नोंदवहीत चढलेली असेल तर वाट सोपी. पण सातबारावर सरकार आणि इतर हक्कात गुरचरण, म्हणजे गायरान, असं दिसलं तर नुसत्या ठरावानं काम होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. गावच्या सामाईक जागांवरच्या अतिक्रमणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपालसिंह निकाल आला, त्यानंतर गायरानाच्या बाबतीत शासन फार कडक झालं. कंपाउंड आधी आणि कागद नंतर, असं केलेली कामं मी लेखापरीक्षणात अडकलेली पाहिली आहेत.

पैशाचं असं आहे. १५व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२६) ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीतून मैदानासारखं काम घेता यायचं, आताचं प्रमाण पंचायत समितीत विचारून घ्या, पण काम गावच्या विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्याच्या नऊ विषयांत 'बालस्नेही गाव' आहे, त्याखाली टाका. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात, बायकांच्या बसायच्या जागेसाठी तिथं बोट ठेवा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा दोन वेगळ्या अनुदान योजना आहेत. बहुतेक गावं व्यायामशाळेची मागतात, म्हणून सगळीकडे मशिनी दिसतात. तुम्ही क्रीडांगणाची मागा. सातबारा तिथंही लागतोच.

आणि एक फार महत्त्वाचं. ग्रामसभेत हा विषय ऐनवेळचा म्हणून मांडू नका, गुंडाळून टाकतात. लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेत घ्यायला लावा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यातच आहे, कागदोपत्री उरकू देऊ नका. तिथं ठराव झाला आणि तो ग्रामसभेत वाचला गेला की नकाशा बदलायला जोर येतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या लागते, म्हणजे तुमच्या बचत गटांनी ठरवलं तर सभागृह तुमच्याच बायकांनी भरतं.


प्रतिसाद : शिट्टीवाले सर

मी शाळेत पीटी शिकवतो. एकरात तुमचं बरंच बसतं. जागा ५० बाय ८० मीटरच्या आसपास असेल तर कडेपासून पाचेक मीटर आत, कोपरे गोलाई देऊन, २०० मीटरची वाट निघते. आठ फेऱ्यांत मुलांचे १६००, चार फेऱ्यांत मुलींचे ८००. आत कबड्डीला १३ बाय १० मीटर आणि खो-खोला २७ बाय १६ मीटर पुरतात, तरी लहानांसाठी जागा उरते. १०० मीटरची सरळ धाव मात्र बसणार नाही, अशा जागेचा कर्णसुद्धा ९४ मीटरच भरतो. तिच्यासाठी दुसरी सोय पाहावी लागेल.

काळ्या मातीवर थेट मुरूम टाकू नका, पहिल्याच पावसाळ्यात खाली जातो आणि चिखल वर येतो. वरची माती काढून, मुरूम थराथरानं टाकून, पाणी मारून रोलर फिरवायचा. मध्ये किंचित उंच, कडेला उतार आणि नाली. कारंज्याच्या पैशात हे सगळं होतं, असा माझा अंदाज आहे, मोजमाप करून घ्या.


प्रतिसाद : करंज

झाडांबद्दल सांगते. बगीचा म्हटला की लोक गुलमोहर लावतात. दिसतो छान, पण वादळात फांद्या मोडतात आणि खाली पोरं असतात. कडुनिंब आणि करंज लावा. दोघांनाही उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी येते, म्हणजे मे महिन्यात सावली मिळते. पश्चिमेची रांग आधी लावा, संध्याकाळचं ऊन तिकडूनच येतं. रोपं पावसाच्या सुरुवातीला लावली तरी पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, ते ठरवूनच खड्डे खोदा. घसरगुंडी असलीच तर तोंड उत्तरेला आणि आधीच मोठ्या असलेल्या झाडाखाली. शंभर चकचकीत वस्तूंपेक्षा एक जुना निंब जास्त कामाचा आहे. तुमच्या आखरावर असा असेल तर नकाशात त्यावर लाल गोल करून ठेवा, कंपाउंडच्या नादात तोच पहिला जातो.


धागाकर्तीचा प्रतिसाद

काकाजी, सर, करंजताई, मनापासून आभार. आखरावर दोन मोठे निंब आहेत आणि त्यातला एक नेमका गेटच्या जागेवर येतो, हे करंजताईंचं वाचल्यावर पुन्हा नकाशा काढून पाहिला तेव्हा दिसलं. गेट सरकवायची मागणी आता अर्जात पहिलीच लिहिते.

सातबारासाठी उद्या तलाठी कार्यालयात जाते. सरपंच भाऊ वाईट माणूस नाही, त्यांना फक्त उद्घाटनाला दिसेल असं काहीतरी पाहिजे. म्हणून विचार असा आहे की कारंजं काढून तान्हा पोळ्यासाठी एक पक्का ओटा सुचवावा. एरवी तोच बायकांना टेकायला होईल, आणि फोटोही त्यावरच निघतील.

१०० मीटरसाठी शाळेच्या मागची पांदण, म्हणजे शेताकडे जाणारी वाट आहे, सरळ आहे, पण पावसाळ्यात गुडघाभर चिखल. पांदण रस्त्याचं काम घेऊन तीच वाट पहाटे धावायला वापरली, असं कोणाच्या गावात झालं आहे का?

देखभालीवर अजून कोणी लिहिलं नाही. किल्ली, साफसफाई, तुटलेली साखळी बदलणं, हे बचत गटाला ठरावीक मानधनावर दिलेलं एखादं गाव माहीत असेल तर करारात काय लिहिलं होतं तेवढं सांगा. ग्रामसभेत मला नेमका तोच प्रश्न विचारणार आहेत.