ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: बूस्ट वाढवण्याआधी हेड गॅस्केटसाठी काय करावं?

घाटमाथा_२०व्ही

पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो २० व्हॉल्व्ह. टर्बो मूळचाच के०३, इंटरकूलरही (टर्बोची हवा थंड करणारा) कंपनीचा, बाजूला बसवलेला छोटा. रीमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून) बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, १.१ बारपर्यंत न्यायचा आहे. हेड (सिलिंडरवरचं झाकण; गॅस्केट म्हणजे त्याखालचं सील) आजवर उघडलेलं नाही, पाणी कमी होत नाही. बेत असा की आधीच हेड उतरवून एआरपी स्टड (मूळ बोल्टऐवजी जास्त ताकदीचे) टाकायचे आणि जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन थोडं खाली आणायचं. गॅरेजवाला म्हणतो, "स्टड टाका, मग बघायलाच नको." हे खरं आहे का? पेट्रोल पंपावरचं साधं, ई२० (२० टक्के इथेनॉल).

नॉक_मोजा

हेड चांगलं असेल तर उघडू नका. स्टडचे पैसे आधी इंटरकूलरवर घाला.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५१.५ चौ. सेंमी. सिलिंडरमधला दाब समजा १०० बार झाला, तर हेड वर ढकलणारा जोर सव्वापाच टनांच्या घरात जातो. सुस्थितीतले मूळ बोल्ट १.१ बार बूस्टचा साधा दाब पेलतात. गॅस्केट मरतं ते नॉकिंगने. मिश्रण आपोआप पेटलं की दाबाचा टोकदार झटका येतो आणि गॅस्केटच्या सिलिंडरभोवतीच्या कड्यावर, फायर रिंगवर, हातोडी बसत राहते. स्टड टाकून हेड धरून ठेवलंत तर तोच मार पिस्टनच्या रिंग लँडवर (रिंगांच्या खाचांमधल्या पट्ट्यांवर) जातो. गॅस्केट परवडलं म्हणायची वेळ येते.

रीमॅपनंतर व्हीसीडीएस (लॅपटॉपवरचा स्कॅनर) लावा, तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६००० आरपीएम पूर्ण थ्रॉटल, बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं यंत्र). स्कॅनरच्या ग्रुप ०२० मध्ये नॉकिंगमुळे चारही सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग किती अंश मागे घेतलंय ते दिसतं. ० ते ३ उत्तम. ६ च्या वर टिकून राहत असेल तर बूस्ट किंवा टायमिंग कमी करा. एकाच सिलिंडरचा आकडा वेगळा असेल तर मॅपला दोष देण्याआधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर आणि प्लग तपासा. ग्रुप ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी दिसतो. मिळालेला सतत वर उडी मारत असेल तर आधी ते निस्तरा.

रीमॅप करणाऱ्याला एक गोष्ट ठासून सांगा: २५०० ते ३५०० आरपीएममध्ये टॉर्कचा डोंगर नको. छोटा टर्बो तिथेच एकदम भरतो, पिस्टन हळू सरकत असतो आणि दाबाला चढायला वेळ मिळतो. बूस्ट तिथे जरा आवरता ठेवला तर चालवताना फार कळतही नाही.

प्लग एक पायरी थंड, एनजीके बीकेआर७ई, गॅप ०.७ मिमी. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू झालेलं आहे, कानाला ऐकू येवो न येवो.

पाणी_आणि_पाना

वरच्याशी सहमत. फक्त ई२० बद्दल भर घालतो. ई२० नॉकिंगला बरं, पण त्याला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० चं साधारण १३.५. जुना मॅप ही तूट फ्युएल ट्रिमवर (कॉम्प्युटरने आपोआप केलेली इंधनाची दुरुस्ती) भरून काढतो. ग्रुप ०३२ मधला दुसरा आकडा १० टक्क्यांच्या वर अधिक दिसला तर मॅप ई२० ला धरून लिहून घ्या, नाहीतर पूर्ण थ्रॉटलला इंधन कमी पडून मिश्रण पातळ होईल.

आता पाणी. या इंजिनांच्या काही वॉटर पंपांत प्लॅस्टिकचा पंखा असतो, तो शाफ्टवर सैल होतो. धातूच्या पंख्याचा पंप टायमिंग बेल्टबरोबरच बदला, थर्मोस्टॅटही. कूलंट जी१२ जातीचं, डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं. नळाचं पाणी भरू नका. टाकीचं निळं झाकण स्वस्त आहे, नवीन घ्या. ते दाब धरत नसेल तर हेडमध्ये व्हॉल्व्हच्या आसपास पाणी उकळून वाफेचे कप्पे होतात आणि तापलेल्या जागेवरूनच नॉकिंग सुरू होतं. डॅशबोर्डवरचा काटा ९० वर चिकटलेला असतो, खरं तापमान बरंच वरखाली झालं तरी. त्यावर विसंबू नका, स्कॅनरवर बघा.

घाटमाथा_२०व्ही

म्हणजे हेड राहू दे. पण जाड गॅस्केटने नॉकिंग कमीच होईल ना?

नॉक_मोजा

उलटही होतं. पिस्टन आणि हेडच्या कडेची फट वाढली की मिश्रण नीट घुसळलं जात नाही, आणि कडेला अडकलेलं मिश्रणच उशिरा, आपोआप पेटतं. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर पिस्टन बदला. १.१ बारला त्याची गरज नाही.

फेसिंगवाला

पुढेमागे हेड उघडावं लागलंच तर. काढलेलं गॅस्केट फेकू नका, आधी वाचा. रिंगभोवती सगळीकडे सारखा काळा डाग असेल तर हेड उचललं गेलंय, तिथे स्टडचा उपयोग आहे. एकाच जागी रिंग चेचलेली किंवा जळलेली असेल तर ते नॉकिंग; स्टडने ते थांबणार नाही.

स्ट्रेट एज आणि फीलर गेजने हेड लांबीत, रुंदीत आणि तिरकस मोजा. ०.०५ मिमीची पाती शिरली तर फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) द्या. एमएलएस गॅस्केटला (पोलादी पत्र्याचे अनेक थर असलेलं) पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, लेथवाल्याला स्पष्ट सांगा: आरए (खरखरीतपणाचं माप) ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. ब्लॉकवर ग्राइंडरची खरखरीत चकती फिरवू देऊ नका. खड्डे पडतात आणि तिची पूड तेलात जाऊन बेअरिंग खाते. ब्लेड, सॉल्व्हंट आणि धीर.

बोल्टच्या भोकांत तेल-पाणी उरलं तर आवळताना ब्लॉक तडकू शकतो. हवेने उडवा, आटे चेसरने (धातू न कापता आटे साफ करणारं हत्यार) साफ करा, आटे कापणाऱ्या टॅपने नाही. मूळ बोल्ट आवळताना कायमचे ताणले जाणारे असतात, पुन्हा वापरू नका: ठरलेला टॉर्क, मग ९० अंश, पुन्हा ९० अंश, मधून बाहेरच्या क्रमाने. स्टड असतील तर ब्लॉकमध्ये हाताने बसवा, नटला किटमधलंच ग्रीस, आणि टॉर्क किटच्या कागदावरचा, तीन टप्प्यांत. तिथे साधं तेल लावलंत तर पाना तोच आकडा दाखवेल, पण ताण कमी भरेल. एमएलएसवर सीलंट फासू नका.

पाणी_आणि_पाना

गळती तपासताना एक फसवं प्रकरण: सुरुवातीला ती फक्त बूस्टवरच होते. आयडलला गळती तपासायचं निळं रसायन (सिलिंडरमधला वायू लागला की रंग बदलणारं) निळंच राहतं, लीक-डाउनही (सिलिंडरमध्ये हवा भरून केलेली गळतीची चाचणी) बरं येतं. म्हणून रात्रभर थंड झालेल्या गाडीत वरचा होज दाबून बघा. इंजिन चालू करून मिनिटभरात तो टणक झाला तर तो दाब पाण्याच्या तापमानाचा नाही. ट्रॅकवर चार-पाच जोरदार पुल मारून लगेच टाकीतल्या हवेवर रसायन धरा. झाकण मात्र इंजिन निवल्याशिवाय उघडू नका. टेस्टर जोडण्यासाठी टाकीला आधीच टी-कनेक्टर बसवून ठेवा.