आतेभावाला व्याज सोडलं, तरी त्यावर टॅक्स भरायचा का?

लक्ष्मीपुरीकर:
आतेभावाचं उद्यमनगरात मशीन शॉप हाय, त्याला मी 8 लाख 12 टक्क्यानं दिलेत, कागदावर दर तिमाहीला 24,000 व्याज ठरलंय. मी दरवर्षी पैसे हातात येवोत न येवोत, व्याज रिटर्नमध्ये दाखवतो. यंदा त्याची ऑर्डर तुटली, शॉपवर गेलो तर दोन लेथवर ताडपत्री टाकलेली, पोटात कालवलं. दसरा झाल्यावर ऑक्टोबरात त्याला सांगितलं, यंदाचं व्याज सोडलं, मुद्दल सावकाश दे. पण पहिल्या दोन तिमाहीचा टीडीएस (व्याजातून माझ्या नावानं कापून भरायचा टॅक्स) 4,800 त्यानं आधीच भरलाय, तो 26एएस या टॅक्सच्या उताऱ्यात दिसतोय. एक पैसा मिळाला नाही, मग 96,000 वर टॅक्स कशाला भरू?

गुजरीवाला:
दादा, पैसे मिळाले नाहीत म्हणजे उत्पन्न नाही असं होत नाही. तुम्ही मर्कंटाइल पद्धत धरलीय, त्यात देणं ठरलं की उत्पन्न धरतात, आणि आता अडचण आली म्हणून मधेच पद्धत बदलून सुटका होत नाही.

अकौंटवाला_शाहूपुरी:
सगळे 96,000 धरायची गरज नाही, सोडलं कधी ते बघा. सुप्रीम कोर्टानं 1962 ला शूरजी वल्लभदास केसमध्ये सांगितलंय की वहीत नुसती नोंद केली म्हणून उत्पन्न होत नाही, तिथं कमिशन 10 टक्क्यावरून अडीच टक्क्यावर आणलं होतं. पण 1971 च्या मोरवी इंडस्ट्रीज केसमध्ये कमिशन देय झाल्यावर नंतर सोडलं, तिथं टॅक्स लागला. म्हणजे ऑक्टोबरपासूनचे 48,000 देय व्हायच्या आधीच तुम्ही सोडलेत, ते धरायचे नाहीत, सप्टेंबरपर्यंतचे 48,000 मात्र दाखवा आणि 4,800 चं क्रेडिट घ्या, तेच मला सरळ वाटतं. बुडीत कर्ज म्हणून वजा करायची सवलत धंद्याच्या उत्पन्नाला हाय, इतर स्रोतातल्या व्याजाला नाही, तो रस्ता धरू नका. आणि भावाचंही बघा, त्यानं हे 48,000 खर्चात टाकले असतील तर तुम्ही सोडल्यावर 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 41(1) खाली, म्हणजे खर्चात टाकलेलं देणं माफ झालं म्हणून, ते त्याच्या उत्पन्नात येतील, म्हणजे एकाच रकमेवर दोघंही टॅक्स भरणार. त्यापेक्षा तेवढं येणं ठेवा, जमेल तेव्हा देईल. सोडल्याचा कागद झालाय का?

लक्ष्मीपुरीकर:
नाही हो, तोंडीच बोललो. आता मागची तारीख टाकून स्टँपवर करू का?

अकौंटवाला_शाहूपुरी:
अजिबात नको! स्टँपवर विक्रीची तारीख असते, लगेच पकडलं जाईल, आणि खऱ्या गोष्टीला खोटा कागद कशाला जोडायचा. आजच्याच तारखेचं पत्र करा, त्यात लिहा की ऑक्टोबरात तोंडी ठरलं होतं. त्या वेळचा काही पुरावा असेल तर शोधा.

लक्ष्मीपुरीकर:
व्हॉट्सअॅप चाळलं. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी त्याचाच मेसेज हाय, "दादा, इथून पुढचं व्याज सोडलंस, लई उपकार झाले." स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, सप्टेंबरपर्यंतचं येणं ठेवतो, त्याच्याशी आज संध्याकाळी बोलतो.