मदत हवी आहे: चार वाक्यांत मेणबत्ती! (उद्याच)

अबोली_दादर: उद्या वर्गात मेणबत्तीवर बोलायचंय. वेगवेगळ्या धर्मांत का लावतात, एवढंच. 'प्रकाश म्हणजे ज्ञान' म्हटलं की पोरं जांभया देतात. पटकन सुचवा.

निवांतनाना: कितवीचा वर्ग?

चहाबिस्कीट: वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला न्या! सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. गुडघा दुखतो तर मेणाचा पाय वाहायचा. मुलांना न सांगता कळतं. माझा भाचा विमान मागत बसला होता.

अबोली_दादर: उद्या म्हटलं ना. बालवाडी आहे. एकीने घरी बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती फुंकली, आजी ओरडली. आता ती विचारते, 'वाढदिवसाची फुंकायची, मग ही का नाही?'

निवांतनाना: हे आधी सांगायचं होतं! खरा प्रश्न हाच आहे.

सह्यकडा: मेणबत्ती आपली नाहीच. समई लावा, केक बंद करा.

निळी_पहाट: सह्यकडा, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर या, मग सांगा आपली कोणाची. अबोली, बुद्धवंदनेत दीपपूजेची गाथा आहे, 'दीपेन तमधंसिना', अंधार घालवणाऱ्या दिव्याने. मी लेकीला सांगितलं, वाढदिवसाची तुझी, ही बुद्धांना दिलेली. दिलेलं परत घेतो का आपण? पटलं तिला.

सह्यकडा: समईसुद्धा कोणी फुंकत नाही. फुलाने शांत करतात. 'विझवली' पण म्हणत नाहीत.

निळी_पहाट: मग भांडताय कशाला?

मोगरा७: मोजायला लावा. हनुक्काला ज्यू लोक आठ रात्री रोज एक ज्योत वाढवतात, पेटवायची नववी वेगळी. नाताळाआधी चर्चमध्ये चार रविवारी एकेक, तिसरी बहुतेक ठिकाणी गुलाबी. आणि आमच्या चर्चमध्ये दांड्याची टोपी ठेवून विझवतात, ती टोपी दाखवली की पोरं खूश.

गिरगावची_मावशी: सतरंजीवर मेण सांडलं तर टीपकागद ठेवून इस्त्री फिरवा.

अबोली_दादर: मेण सांडणार नाही, काडेपेटीच चालत नाही शाळेत. बॅटरीची आणलीय.

चहाबिस्कीट: बॅटरीची?? वितळताना दिसायला नको का!

निवांतनाना: उलट बरंय. फुंकू दे तिला हवं तेवढं.

अबोली_दादर: 😀 ते झालं. पण 'दिलेलं' वालं घेते.

गिरगावची_मावशी: इस्त्री मध्यमच ठेवा हं.