गोलाची भूमिती आकाशातून शिकवावी का?

नववीची बाई:
परवा वर्गात प्लास्टिकचा चेंडू नेला आणि त्यावर तीन रबरबँड चढवले. एक विषुववृत्तावर, दोन ध्रुवांवरून, एकमेकांना काटकोनात. मधल्या त्रिकोणाचे कोन मोजायला सांगितले. ९०, ९०, ९०. बेरीज २७०! मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग पुस्तक खोटं?" हा प्रश्न यावा म्हणून मी गोल आकाशापासून शिकवते, आणि आकाश खगोलशास्त्रज्ञ मरिया मिचेलपासून. अमेरिकेतल्या नॅन्टुकेट बेटावरची ही मुलगी १८३१ च्या सूर्यग्रहणात बाराव्या वर्षी वडिलांसाठी सेकंद मोजत उभी होती. १८४७ मध्ये तिने दुर्बिणीतून धूमकेतू शोधला. तुमच्याकडे कोण असं शिकवतं?

काटकोन:
बाई, हौस चांगली आहे. पण दहावीला येतं काय? गोलाचं पृष्ठफळ, चार पाय आर वर्ग. पेपरात २७० लिहिणाऱ्याला भोपळा मिळेल, आणि पालक तुमच्याकडे येतील, मिचेलबाईंकडे नाही.

तिरकी रेघ:
माझा विरोध वेगळाच आहे. ८ मार्च आला की भिंतीवर बायकांचे फोटो लागतात, ९ तारखेला उतरतात. गणिताच्या तासाला तेच नको. बारा वर्षांची मुलगी, ग्रहण, धूमकेतू... छान गोष्ट आहे हो, पण यात गोल कुठे आला?

नववीची बाई:
@तिरकी रेघ, बोललात ते लागलं, कारण अर्धं खरं आहे. धूमकेतूपाशी थांबले तर गोष्टच राहते. पण १८४९ पासून ती नाविक पंचांगासाठी शुक्राची गणितं करत होती, पगारावर. आकाशगोलावर, म्हणजे आकाश एक मोठा चेंडू मानला तर त्यावर, शुक्र कुठल्या दिवशी कुठे असेल, त्याचे आकडे. भर समुद्रात जहाजावरचा माणूस ग्रहाची नाहीतर ताऱ्याची उंची मोजणार, पंचांग उघडणार आणि ध्रुव, खमध्य (आपल्या डोक्यावरचा बिंदू), तारा असा त्रिकोण सोडवून आपण कुठे आहोत ते काढणार. तो त्रिकोण चेंडूवरचाच, सपाट कागदावरचा नव्हे. ती वगळली तर हा त्रिकोण कुणाला कशाला हवा होता, हे मी मुलांना कसं सांगू?

तिरकी रेघ:
हे आधी लिहायचं ना! मग धूमकेतू राहू दे बाजूला, पंचांगापासूनच सुरू करा.

काटकोन:
तरी प्रात्यक्षिकाचं काय? शून्य सावली, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, म्हणाल तर पुण्यात ती मेच्या मध्यास, शाळेला सुट्टी. दुसरी जुलैअखेर, तेव्हा ढग.

नववीची बाई:
२२ डिसेंबरला मैदानात मीटरभर काठी रोवा. पुण्याचे अक्षांश १८.५, आणि सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या २३.५ अंश दक्षिणेला. म्हणून पुण्यात मध्यान्हीचा सूर्य ९० वजा १८.५ वजा २३.५, म्हणजे ४८ अंशांवर. सावली साधारण ९० सेंटिमीटर भरली पाहिजे. मुलांनी आधी गणित करायचं, मग टेप लावायची.

काटकोन:
डिसेंबरात गॅदरिंग असतं. मैदानात मांडव.